दोन वर्षांसाठी बर्लिन, आणि नवऱ्याचं क्लिनिक

‘ताई, मी बत्तीस वर्षांची, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. बर्लिनच्या एका कंपनीकडून ऑफर आली आहे, वर्षाला ६०,००० युरो. नवरा डेंटिस्ट आहे, आठ वर्षं स्वतःचं क्लिनिक चालवतोय. आमचं असं ठरलंय की दोन वर्षं जाऊन यायचं, थोडी बचत करायची, युरोप बघायचा आणि परत. मी आधी जाऊन घर बघेन, दोन-तीन महिन्यांत तो क्लिनिक बंद करून येईल. तो म्हणतो, ‘मी तिकडे काहीतरी बघेन.’ मला विचारायचंय : एवढ्या पगारात दोघांचं भागेल का? जर्मन न येता चालेल का? आणि थंडी झेपेल का?’

तू पत्रात ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ अगं-तुगं करते.

थंडीचं आधी उरकून टाकू. थंडी झेपते. कोट चांगला घे, बूट त्याहून चांगले घे. घरं, बस, ऑफिसं सगळी उबदार असतात. जड जातो तो अंधार. डिसेंबरात बर्लिनमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसला जाताना जेमतेम उजाडलेलं आणि घरी येताना मिट्ट रात्र. पहिल्या वर्षी आपल्याला वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलंय. तसं काही नसतं. दुपारी जेवण झाल्यावर ढगाळ असलं तरी अर्धा तास बाहेर चालून ये, एवढं पाळलंस तरी बराच फरक पडतो.

आता पगार. वर्षाला ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० आणि कर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारीविमा असं सगळं कापून तुझ्या खात्यात साधारण ३,१०० युरो पडतील. नवरा तिथे राहायला आला की तुमचा करवर्ग, म्हणजे पगारातून कर किती कापायचा ते ठरवणारा गट, बदलून घेता येतो आणि त्याला उत्पन्न नसेल तर हातात तीन-चारशे युरो जास्त येतात. सरकारी आरोग्यविमा घेतलास तर उत्पन्न नसलेला जोडीदार त्याच हप्त्यात बसतो. घराला बाराशे-तेराशे धर आणि तेही मिळालं तर. एवढ्यात एकटीचं ऐसपैस होईल, दोघांचं नेटकं होईल. ‘थोडी बचत’ मात्र दोघांच्या हिशेबात फार थोडी होईल, कारण इकडे क्लिनिकचं उत्पन्न बंद झालेलं असेल. ते तू गणितात धरलेलं दिसत नाही.

जर्मनचं उत्तर तुझ्यासाठी सोपं आहे : चालेल. बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत इंग्रजीवर वर्षानुवर्षं भागवलेली माणसं मी पाहिली आहेत. घरमालकाचं पत्र, डॉक्टरकडची चिठ्ठी आणि शेजारच्या आजींची तक्रार एवढ्याला जर्मन लागतं आणि त्याला फोनमधलं भाषांतर धावून येतं. पण तू विचारलंस ते तुझ्यापुरतं. त्याचं काय?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एका शब्दावर अडले. ‘काहीतरी.’ आठ वर्षं लोकांचे दात बघणारा माणूस बर्लिनमध्ये ‘काहीतरी’ बघणार आहे.

काय बघता येईल ते सांगते. तुला ब्लू कार्ड मिळेल, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना. २०२५ साली त्याची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, तू तिच्या बरीच वर आहेस. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि पोचल्यापासून कुठलंही काम करायची मुभा असते. ऐकायला छानच आहे. पण कुठलंही काम म्हणजे त्याचं काम नव्हे. दातांच्या डॉक्टरला जर्मनीत स्वतंत्रपणे काम करायला सरकारी परवाना लागतो, त्याला अप्रोबात्सिओन म्हणतात. त्यासाठी आपली पदवी तिथल्या पदवीच्या बरोबरीची ठरावी लागते आणि ठरली नाही, तर तज्ज्ञांसमोर ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. युरोपबाहेरच्या पदवीवाल्यांनी ही परीक्षा धरूनच चालावं. मधल्या काळात कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करायचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा. आणि या सगळ्याच्या आधी भाषा.

भाषेची परीक्षा कशी असते ते त्याला नीट सांग. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पहिल्यात समोर रुग्ण बसतो, त्याच्याशी बोलून काय होतंय ते काढून घ्यायचं. दुसऱ्यात ते लिहून काढायचं. तिसऱ्यात तेच दुसऱ्या डॉक्टरला समजावून सांगायचं. आता विचार कर, क्लिनिकमध्ये पेशंट त्याला काय सांगतो? दाढ ठणकते. गार पाण्याने शिवशिवतं. चावताना कळ जाते. दात आंबल्यासारखे वाटतात. या चार वाक्यांवरून तो खुर्ची मागे करायच्या आतच निम्मं निदान करत असेल. ठणकणं आणि शिवशिवणं यातला फरक त्याला जर्मनमध्ये कानावर पडताक्षणी कळला पाहिजे. भाषेच्या ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पातळ्या असतात, त्यातली सी-वन लागते, म्हणजे वरून दुसरी. स्थलांतरितांसाठी जर्मन सरकारचा जो अभ्यासक्रम आहे, त्यात बी-वनपर्यंत न्यायलाच ६०० तासिका धरलेल्या आहेत. त्यानंतर बी-टू, मग सी-वन, मग वैद्यकीय भाषा. शून्यापासून सुरुवात करणारा हुशार आणि मन लावून शिकणारा माणूस भाषा, कागदपत्रं, परीक्षा हे सगळं उरकून खुर्चीशेजारी उभा राहीपर्यंत अडीच-तीन वर्षं सहज जातात.

आणि तुम्ही दोन वर्षांनी परत येणार आहात.

म्हणजे त्याने चालतं क्लिनिक बंद करायचं, आठ वर्षांत जोडलेले पेशंट दुसऱ्यांना द्यायचे, दोन वर्षं शिकाऊ म्हणून काढायची आणि हाताला काम लागणार तेवढ्यात बॅगा भरायच्या. मग इथे येऊन पुन्हा पाटी लावायची. तुझ्या दोन वर्षांत तुला अनुभव मिळेल, त्याच्या दोन वर्षांत नुसता खड्डा पडेल. दोघं मिळून, दोन वर्षांसाठी, क्लिनिक बंद करून जाणं हा तुमच्यापुढच्या सगळ्या पर्यायांतला सगळ्यात महागडा पर्याय आहे आणि नेमका तोच तुम्ही निवडलाय.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण आम्ही तेच केलं होतं. आम्ही बर्लिनमध्ये शोनहाउसर अले या स्टेशनजवळ राहायचो. नवऱ्याचं इथलं अकाउंट्सचं काम, ते तिकडे कुणाला नको होतं. तिथे यू-टू ही मेट्रो रस्त्याच्या वरून, लोखंडी खांबांवरून जाते आणि तिच्या खालून पावसात न भिजता चालता येतं. जुने बर्लिनकर त्याला नगरपालिकेची छत्री म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात नवरा रोज संध्याकाळी त्या छत्रीखाली मला न्यायला यायचा. सहा दहाची गाडी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत, तीही चुकली तर त्याच्या पुढच्या. मी ऑफिसात कौतुकाने सांगायचे, बघा, कसा येतो रोज. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. फेब्रुवारीत एकदा मी त्याला फोन करून म्हटलं, आज उशीर होईल, येऊ नकोस. तो म्हणाला, ‘मग मी दिवसभरात काय करू?’ भांडून नाही, अगदी साधेपणाने विचारलं त्याने. त्याच्या अख्ख्या दिवसात ठरलेलं काम तेवढं एकच होतं.

पुढे सावरलं आमचं, त्यात जायला नको. पण पत्रातल्या ‘काहीतरी’ला मी का घाबरते ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तर मग जायचंच नाही का? जा की. ऑफर चांगली आहे, वय चांगलं आहे आणि न जाण्याची रुखरुख पुढे घरातच राहायला येते. फक्त ‘दोन वर्षं’ आणि ‘दोघं’ यातलं एक सोडावं लागेल.

दोन वर्षं धरायची असतील तर तू एकटी जा. क्लिनिक चालू राहू दे. दर चार-पाच महिन्यांनी कुणीतरी कुणाकडे जायचं आणि परतीचा महिना आत्ताच दोघांनी ठरवून लिहून ठेवायचा. तो लिहून ठेवा म्हणते त्याला कारण आहे. ब्लू कार्डवर २७ महिने काढले आणि अगदी प्राथमिक जर्मन आलं की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. बी-वन झालं असेल तर २१ महिन्यांतच. म्हणजे तुझी दोन वर्षं संपत आली की नेमकं तेव्हाच हे गाजर समोर लटकेल आणि तू म्हणशील, इतकं थांबलोच आहोत तर अजून सहा महिने. परवाना हातात आला की म्हणशील, आता मिळालाच आहे तर. दोन वर्षांची पाच झालेली कितीतरी घरं मला माहीत आहेत आणि त्यातल्या एकाही घरात पाच वर्षांचा निर्णय असा कधी बसून झालेला नव्हता.

दोघांनी जायचं असेल तर पाच वर्षं धरून जा. मग त्याच्या तीन वर्षांच्या खटाटोपाला अर्थ आहे, कारण पुढची दोन वर्षं तो आपलं काम करेल आणि परत येताना तिथला अनुभव घेऊन येईल. पण मग त्याचं जर्मन या आठवड्यात सुरू व्हायला हवं, इथे, क्लिनिक चालू असताना. तू पुढे जा, तो बी-वन होईपर्यंत इथेच राहू दे. वर्षभर लागेल. तेवढ्या काळात क्लिनिक बंद न करता एखाद्या जोडीदार डॉक्टरकडे सोपवायची व्यवस्थाही होईल. आणि घरी त्याने तीन महिन्यांत वही मिटली, तर तेही उत्तरच आहे. ते बर्लिनला पोचल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

माझा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे, हे लपवत नाही. तरी निवड त्याची असू दे. तुझ्या पत्रात त्याचं वाक्य ते एकच आहे, बाकी सगळीकडे ‘आमचं ठरलंय’. त्याला पगाराचा आकडा बाजूला ठेवून विचार : पुन्हा विद्यार्थी व्हायची तयारी आहे का? ‘तू म्हणशील तसं’ असं उत्तर आलं तर ते उत्तर म्हणून घेऊ नकोस.

आणि त्याला एकदा बर्लिन बघायला बोलाव, नोव्हेंबरात. जूनमध्ये नको. जूनमध्ये साडेनऊला सूर्य मावळतो, टेम्पलहोफच्या जुन्या विमानतळावर लोक धावपट्टीवर सायकली आणि पतंग घेऊन येतात, अख्खं शहर घराबाहेर पडलेलं असतं. तेव्हा बर्लिन कुणालाही आवडतं. विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि दोन वर्षांनी मैदान म्हणून लोकांना मोकळा झाला. तिथे तू संध्याकाळी जात जा, पैसे लागत नाहीत आणि एवढं मोठं आकाश शहरात दुसरीकडे दिसत नाही. पण त्याला दाखवायचा तो नोव्हेंबरातला रविवार. दुकानं बंद, रस्ते ओले, शांततेचा नियम म्हणून भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी. तीन आठवडे राहून तो म्हणाला की जमेल, तर त्या म्हणण्याला वजन आहे.

एकटी पुढे जाण्याचा तुमचा विचार मात्र एकदम बरोबर, फक्त दोन-तीन महिने पुरायचे नाहीत. नोकरीला बहुधा सहा महिन्यांचा परीक्षेचा काळ असेल. त्यात कंपनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर तुला जा म्हणू शकते, तूही तसंच त्यांना म्हणू शकतेस. तो काळ संपेपर्यंत क्लिनिकच्या कुलपाला हात लावू नका.

आणि घर. बर्लिनमध्ये नोकरीपेक्षा घर मिळणं अवघड आहे असं लोक म्हणतात, ते थट्टेने म्हणत नाहीत. घरमालक मागच्या तीन पगारांच्या चिठ्ठ्या मागतो आणि शूफाचा दाखला मागतो, म्हणजे तू कुणाचे पैसे बुडवले नाहीस याचा कागद. काल उतरलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून पहिले सहा महिने फर्निचरसकट मिळणारं तात्पुरतं घर घे, महाग पडलं तरी. रिकामं घर म्हणजे तिकडे खरोखर रिकामं : बऱ्याच घरांत ओटा नसतो, सिंक नसतं, छतातून दिव्यांच्या नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं चोरी झालीये. जाहिरातीत दोन खोल्या लिहिलं असेल तर एक बैठकीची आणि एक निजायची, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्यात मोजत नाहीत. ‘कोल्ड’ भाडं म्हणजे नुसतं भाडं; ‘वॉर्म’मध्ये हीटिंग, पाणी वगैरे येतं, वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोल्ड भाड्याएवढी मागता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुला कायद्याने हक्क आहे. घर न बघता आणि करारावर सही न होता एक युरोही पाठवू नकोस. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे भरा, किल्ली कुरियरने पाठवतो’ असं म्हणणारा मालक तुला भेटणारच, त्याला उत्तरसुद्धा देऊ नकोस.

घर घेताना एक गोष्ट आधी विचार : इथे माझी नोंदणी होईल ना? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही लागते. ‘घर आहे पण नोंदणी नाही’ अशा जाहिराती खूप दिसतील, स्वस्तही असतात, त्या सोडून दे. नोंदणीशिवाय कर क्रमांक नाही आणि बँकेपासून पुढचं सगळं अडत जातं. कार्यालयाची वेळ मिळायला मारामार असते, पण शहरातलं कुठलंही कार्यालय चालतं, आपल्याच भागातलं लागत नाही. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बस, लोकांनी रद्द केलेल्या वेळा तेव्हा दिसतात. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो, तो समजून भर. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर बर्लिनमध्ये आयकराच्या नऊ टक्के चर्चचा कर पगारातून कापला जातो. एका सहकाऱ्याने गंमत म्हणून लिहिलं होतं.

माझी स्वतःची फजिती वेगळीच झाली. मी एका बाईंच्या घरात पोटभाडेकरू होते. तिकडच्या इमारतींत दारांना घर क्रमांक नसतात. खाली बेलच्या पाटीवर आणि पत्रपेटीवर आडनावं असतात, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर बाईंचं नाव, माझं नाही. माझा कर क्रमांक घेऊन आलेलं पत्र ‘असं इथे कुणी राहत नाही’ म्हणून परत गेलं. मी रोज पेटी उघडून बघतेय, पत्र येतच नाही. क्रमांक नाही म्हणून कंपनीने पहिला पगार सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात चढ्या दराने कापला. हातात आलेली रक्कम बघून मी स्वच्छतागृहात जाऊन रडले होते. पैसे पुढे परत मिळाले, पण तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. शेवटी शेजारच्या आजींनी मला जिन्यात थांबवून पेटीकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या घरातून चिकटपट्टी आणून दिली.

तेव्हा पोचलीस त्याच दिवशी कागदावर ठळक आडनाव लिही आणि बेलवर आणि पेटीवर दोन्हीकडे चिकटव. तुमची आडनावं वेगळी असतील आणि तो येणार हे नक्की झालं असेल, तर त्याचंही आधीच लाव. त्याच्या परवान्याच्या कार्यालयाकडून पत्रं टपालानेच येतात आणि ती परत गेली तर पुढची तारीख मिळायला महिने जातात.